लोणारले सरोवर सोडून काय पाह्याचं?

रविवारी आईले अन् पोरायले घेऊन येतो म्हणतो, एका दिवसात होईल का?

— होते ना भाऊ! लोकं वरून खड्ड्याचे फोटो काढते अन् निघून जाते, गावातलं दैत्यसूदन मंदिर राहूनच जाते. टॉर्च न्या, छतावरचं कोरीवकाम अंधारात दिसत नाही.

— धारेवर जाजा, गोमुखातून बारमाही गोडं पाणी पडते अन् खाली सरोवराचं खारं, गंमतच आहे. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालतं, खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवायमुळे, तवा टीव्हीवाल्यायची जत्राच होती.

— आईले खाली उतरवू नका, चढताना गुडघे बोलते. झोपलेला मारुती मात्र दाखवा.