देवाच्या नावाने जमीन: सरंजामशाहीत धर्म खरा की सारामाफी?

बखरवाचक
युरोपात चर्च, जपानात बौद्ध मठ, आपल्याकडे मंदिरं आणि अग्रहार, म्हणजे ब्राह्मणांना दान दिलेली गावं. म्हणून तिन्हीकडची सरंजामशाही वेगळी, असं सर्रास म्हणतात. मला पटत नाही. दानपत्रं शेजारी ठेवून वाचा. नाशिकच्या लेण्यात सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी भिक्षूंना 200 निवर्तनं (जमिनीचं जुनं माप) शेत देतो आणि बजावतो, राजाच्या माणसांनी आत शिरायचं नाही, मिठासाठी खणायचं नाही. 910 साली अ‍ॅक्विटेनच्या ड्यूक विल्यमने क्लुनीचा मठ स्थापला. त्याची सनद म्हणते, कोणीही, अगदी बिशपनेही, मठाच्या मालमत्तेला हात लावू नये. जपानातल्या 'शोएन' जहागिरी दोन सवलती मिळवत: सारामाफी आणि 'फुन्यू', म्हणजे अंमलदाराला प्रवेशबंदी. धर्म वेगळे, कलम एकच. आणि शोएन दरबारी सरदारांचेही होते, तिथे कुठला देव?

शिळाप्रेस
सातवाहन मध्ययुगीन कधीपासून झाले? (इतिहासकार रामशरण शर्मा सरंजामशाहीचं बीज तिथेच शोधतात, म्हणून सोडतो.) पण दान टिकवायला धर्मच लागला ना? ताम्रपटात श्लोक असतो, दिलेली जमीन हिरावणारा साठ हजार वर्षं विष्ठेत किडा होईल. ज्याला संस्कृत कळत नाही त्याच्यासाठी शिवेवर गद्धेगाळ, म्हणजे बाई आणि गाढव कोरलेला दगड. कोकणात शिलाहारांचे आजही सापडतात. क्लुनीच्या सनदेतही शापच आहेत, ज्युडासच्या गतीला जाशील वगैरे. गाढव तेवढं नाही.

हिशेबनीस
कलम एकच, मान्य. पुढे काय झालं ते पाहा. युरोपात जमीनदार मेला की वारस वरच्या धन्याला नजराणा भरे, वारस अज्ञान असेल तर उत्पन्न धन्याकडे, मुलगीच वारस असेल तर तिच्या लग्नातही धन्याचा हात. चर्च मरत नाही, अज्ञान नसतं, त्याला मुलगी नसते! शेवटी 1279 मध्ये इंग्लंडच्या पहिल्या एडवर्डला कायदा करून चर्चला जमीन द्यायला बंदी घालावी लागली. आपल्याकडे अग्रहाराच्या वृत्ती, म्हणजे उत्पन्नाचे वाटे, मुलांत वाटल्या जात, दोन-तीन पिढ्यांत तुकडे. हा फरक अविवाहित धर्मगुरूंमुळे पडला, म्हणजे धर्मामुळेच.
व्याजाचंही तसंच. 1179 च्या धर्मपरिषदेने उघड सावकारी करणाऱ्याला ख्रिस्ती दफनही नाकारलं. त्याच मध्ययुगात क्योटोतले कितीतरी सावकार हिएई डोंगरावरच्या मठाच्या आश्रयाने धंदा करत.

बखरवाचक
बंदी होती, पण पोपचा स्वतःचा महसूल इटालियन पेढ्याच इकडून तिकडे पोचवत होत्या. व्याजाला दुसरं नाव दिलं की झालं. अविवाहितपणाचा मुद्दा मात्र घरी नेतो.

मुठाकाठ
तुम्ही दोघे वरूनच बघताय. कुळांकडे बघा. जपानात कागा प्रांतात 1488 मध्ये इक्को या बौद्ध पंथाच्या शेतकऱ्यांनी आणि पुजाऱ्यांनी सुभेदाराला संपवलं आणि 1580 पर्यंत प्रांत पंथाच्या हाती राहिला. इंग्लंडात 1381 च्या शेतकऱ्यांच्या बंडात जॉन बॉल हा पाद्रीच पुढे होता, पण लंडनमधला सगळा खेळ काही दिवसांत आटोपला. त्याआधीच प्लेगने मजूर इतके कमी केले होते की 1351 मध्ये मजुरी गोठवणारा कायदा करावा लागला. तरी मजुरी वाढतच गेली. माझ्या मते इंग्लिश कुळाला पाद्र्यापेक्षा प्लेगने जास्त दिलं.

बखरवाचक
हेच म्हणतोय! आपलंच घ्या. यादव गेले, बहमनी आले, आदिलशाही आली. राजाचा धर्म बदलला. पाटील, कुलकर्णी, देशमुख मात्र वतनाला चिकटून. ज्याला सारा गोळा करायचाय त्याला गावातला माणूस लागतो, मग तो कुठल्या देवाला नमस्कार करतो याच्याशी काय देणंघेणं?

शिळाप्रेस
वतन फक्त पाटलाचं होतं का? महाराचंही वतन होतं. वेशीची राखण करायची, सरकारी टपाल पुढच्या गावाला पोचवायचं, मेलेलं जनावर ओढायचं. ते जन्मावरून ठरत होतं. युरोपातला भूदास, म्हणजे धन्याच्या जमिनीला बांधलेला शेतकरी, पळून सनद असलेल्या शहरात वर्ष आणि एक दिवस राहिला, तर बऱ्याच ठिकाणी मोकळा होई. इथला माणूस पैठणला जाऊन दहा वर्षं राहिला तरी जात सोबत. आता सांगा, हे सारामाफीने घडवलं?

बखरवाचक
ही अडचण आहे खरी. पण ती शहराची मुभाही धर्माने दिलेली नव्हती, नागरिकांनी सरदाराला पैसे मोजून सनद घेतली होती. पुन्हा पैसाच.

शिळाप्रेस
मोजून मिळत तरी होती. बलुतेदाराने कोणाला मोजायचे होते?