तारकापुंजातला 'पुंज' आणि पुंज संगणकातला 'पुंज'

प्रश्न : विश्वाच्या उत्पत्तीवरच्या लेखात 'तारकापुंज' येतो, पुढे त्याच लेखात 'पुंज संगणक' (क्वांटम कॉम्प्युटर). पहिला पुंज म्हणजे ताऱ्यांची रास, दुसरा म्हणजे ऊर्जेचा लहानात लहान वाटा. एकच शब्द दोन टोकांना कसा? आणि 'बिग बँग'साठी 'महास्फोट' बरोबर आहे का? पुंज संगणकाच्या चिपला 'अवकाशाइतकी थंड' म्हटलं तर?

प्रतिसाद १ : संस्कृतात पुंज म्हणजे रासच. 'तेजःपुंज'मधलाही तोच. पण त्याचं धाकटं रूप आपल्या रोजच्या बोलण्यात आहे : पुंजका. कापसाचा पुंजका, केसांचा पुंजका. 1900 साली भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांक यांनी मांडलं ते हेच, की ऊर्जेची देवघेव धारेसारखी सलग होत नाही, पुंजक्या-पुंजक्यांनी होते. त्यामुळे 'पुंजयामिकी' (क्वांटम मेकॅनिक्स) हा शब्द मला अगदी चपखल वाटतो. दोन्ही अर्थ एकाच लेखात येणार असतील तर ताऱ्यांसाठी 'तारकागुच्छ' लिहा.

प्रतिसाद २ : 'बिग बँग' हे नाव खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांनी 1949 मध्ये बीबीसी रेडिओवर वापरलं. त्यांना स्वतःला तो सिद्धांत मान्य नव्हता. मराठीत 'महास्फोट' रुळलाय, तो राहू द्या. घोळ होतो तो विभक्तीमुळे. 'अवकाशात महास्फोट झाला' म्हटलं, की त्या 'त' प्रत्ययाने स्फोटाआधीच मोकळी जागा गृहीत धरली. मग वाचक विचारणारच, स्फोटाचा मध्यबिंदू कुठे? असा बिंदू नाही. 'अवकाशच प्रसरण पावू लागलं' असं लिहा. मराठीत 'फुटणे' म्हणजे दर वेळी चिंधड्या उडणं नव्हे. मोड फुटतो, पालवी फुटते. 'महास्फोट' वाचताना ते फुटणं मनात असावं.

प्रतिसाद ३ : तापमानाबद्दल. महास्फोटाची उरलेली ऊब, म्हणजे वैश्विक पार्श्वप्रारण, आज 2.725 केल्विन आहे. 'अंश केल्विन' लिहू नका, अंश लागतो तो सेल्सिअसला (उणे 270.4 अंश). क्यूबिट म्हणजे पुंज संगणकातलं माहितीचं सर्वांत लहान एकक. अतिसंवाहक (विजेला रोध न करणाऱ्या) क्यूबिटची चिप याहूनही गार, साधारण 0.01 ते 0.02 केल्विनला ठेवतात, कारण जराशा उबेनेही क्यूबिटची अवस्था बिघडते. तेव्हा 'अवकाशाइतकी थंड' हे वर्णन चूक. ती अवकाशाहून शंभरपटीहून अधिक थंड असते.

प्रश्नकर्ता : क्यूबिटचं 'अध्यारोपण' (सुपरपोझिशन) म्हणजे 'एकाच वेळी 0 आणि 1', म्हणून पुंज संगणक 'सगळी उत्तरं एकदम तपासतो', असं लिहिलं तर चालेल?

प्रतिसाद १ : तिथेच थांबलात तर दिशाभूल होते. 30 क्यूबिटची अवस्था साध्या संगणकात साठवायची तर 2 चा 30 वा घात, म्हणजे सुमारे 107 कोटी संमिश्र संख्या लागतात. प्रत्येकीला 16 बाइट धरले तर 17 गिगाबाइट. एक क्यूबिट वाढवला की दुप्पट. पण मोजमाप केल्यावर हाती येते ती 30 अंकांची एकच माळ. त्यामुळे 'सगळी उत्तरं एकदम तपासतो' हे वाक्य काढून टाका. 'चुकीच्या उत्तरांच्या शक्यता एकमेकींना खोडतील आणि बरोबर उत्तराची वाढेल, अशी गणिताची आखणी करावी लागते' हे लांबलं तरी खरं आहे.

प्रतिसाद २ : आणि 'क्यूबिट'ला 'पुंजबिट' करू नका. क्यूबिटचा, क्यूबिटला, क्यूबिटमध्ये असे प्रत्यय त्याला सहज लागतात.