टायफॉइडच्या जंतूचा जीनोम वाचून नेमके काय कळते?

प्रश्न – वाचक, चोपडा
माझ्या पुतण्याला नऊ दिवस ताप होता. रक्ताच्या कल्चरमध्ये, म्हणजे रक्तातील जंतू वाढवून पाहण्याच्या चाचणीत, साल्मोनेला टायफी हा टायफॉइडचा जंतू निघाला. अहवालात सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे ‘आर’ (औषध चालत नाही), तर सेफ्ट्रायॅक्सोन आणि अझिथ्रोमायसिनपुढे ‘एस’ (औषध चालते) आहे. तो आता बरा आहे, पण गल्लीत आणखी चौघांना टायफॉइड झाल्याचे सांगतात. कल्चरवरून औषध ठरत असेल, तर जीनोम कशासाठी वाचायचा?

उत्तर – सूक्ष्मजीवशास्त्राची शिक्षिका, जळगाव
प्लेटवर औषधाच्या चकतीभोवती जंतू न वाढलेले जे स्वच्छ वर्तुळ उमटते, त्याचा व्यास मोजून आम्ही ‘एस’ की ‘आर’ ते लिहितो. औषध का चालत नाही, हे त्यातून कळत नाही. टायफीच्या जीनोममध्ये, म्हणजे त्याच्या संपूर्ण डीएनएमध्ये, सुमारे 48 लाख अक्षरे असतात. त्यांतील जायर-ए जनुकाच्या 83व्या कोडॉनमधले (तीन अक्षरांच्या गटातले) एक अक्षर बदलले, तरी सिप्रोफ्लॉक्सासिनची पकड ढिली होते. हा बदल त्या जंतूच्या वंशातच उतरत जातो. प्लास्मिडचे मात्र तसे नाही. डीएनएचे हे सुटे कडे एका जातीच्या जंतूकडून दुसऱ्या जातीकडेही जाते. पाकिस्तानातील सिंध प्रांतात 2016 मध्ये सेफ्ट्रायॅक्सोनलाही न जुमानणारा टायफॉइड पसरला, तेव्हा जीनोम वाचल्यावर उलगडले की दक्षिण आशियात आधीच रुजलेल्या एच58 वंशाच्या टायफीने सीटीएक्स-एम-15 हे सेफ्ट्रायॅक्सोन निकामी करणारे जनुक असलेले प्लास्मिड मिळवले होते, आणि ते ई. कोलाय या आतड्यातील जंतूमधील प्लास्मिडशी जुळत होते.
आपल्या पुतण्याचे उपचार यामुळे बदलले नसते. पण पाचही जणांचे जंतू अक्षरशः जुळले, तर उगम एकच असल्याची शंका बळावते. टायफी फार सावकाश बदलतो, त्यामुळे उगम वेगळा असूनही जंतू जुळू शकतात; म्हणून पाण्याची तपासणी सोबत हवीच.

उत्तर – वाचक, धुळे
ताईंचे म्हणणे पटते, पण जीनोम वाचायला आधी जंतू हाती लागावा लागतो. आपल्याकडे बहुतेकांची विडाल ही रक्तचाचणी होते, आणि ती जंतूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे पाहते, जंतू नव्हे. माझ्या आईचे रक्त कल्चरसाठी घेतले, ते गोळ्या सुरू होऊन तीन दिवस झाल्यावर. बाटलीत काहीच वाढले नाही. पहिल्या गोळीआधी रक्त घ्या, असे कोणीतरी सांगायला हवे होते, याची हळहळ मला आजही वाटते.

प्रश्नकर्ता, चोपडा
आपणा दोघांचा आभारी आहे. चौघांचेही कागद पाहिले. तिघांकडे फक्त विडाल आहे. एका मुलीचे कल्चर झाले असून तेथेही सिप्रोफ्लॉक्सासिनपुढे ‘आर’च आहे. दोन्ही जंतू टाकून न देता जपून ठेवावेत, अशी विनंती प्रयोगशाळेला केली आहे आणि गल्लीतील नळाचे पाणी तपासण्यासाठी उद्या अर्ज देत आहे.