जुनी फरशी निघता निघत नाही तेव्हा

आमचं घर गुहागरजवळ. यंदा मे महिन्यात माजघर आणि स्वयंपाकघराची जमीन काढली. पाऊस लागायच्या आत काम उरकायचं आणि गणपतीला घर तयार हवं, म्हणून घाई. माजघरातली शहाबादी चुन्यात बसवलेली होती. पहारीचं टोक सांध्यात घालून दाबलं की अख्खी लादी सुटायची. दोन दिवसांत खोली मोकळी. स्वयंपाकघरात मात्र वडिलांनी मागाहून घातलेली मोझॅक, खाली निव्वळ सिमेंट. दोन माणसांनी दिवसभर छिन्नी मारली तेव्हा कुठे ४ फूट बाय ४ फूट जागा सुटली. तुमच्याकडे खाली काय निघालं, कसं काढलंत, ते तपशिलाने लिहा.

दापोली

आम्ही थेट ब्रेकर, म्हणजे विजेवरचं फोडायचं यंत्र, लावला, ती चूक झाली. भिंती जांभ्याच्या, चिरे मातीत रचलेले. तासाभरात देवघराच्या कोनाड्याला भेग गेली आणि माझ्या काळजाचं पाणी झालं. काम थांबवून दुसऱ्या गवंड्याला आणलं. त्याने भिंतीपासून हातभर पट्टा ग्राइंडरने कापून वेगळा केला. मधला भाग ब्रेकरने, तो पट्टा हाताने. खांबांच्या तळखड्यांजवळ, म्हणजे बुडाच्या दगडांजवळ, तर कुणालाच घण घेऊन जाऊ दिलं नाही. त्याची रीत अशी: मधली एक लादी मुद्दाम फोडायची, त्या खड्ड्यातून छिन्नी जवळजवळ आडवी धरून शेजारच्या लादीच्या बुडाखाली घालायची. उभी मारली की नुसते तुकडे उडतात.

आणि धूळ! सिमेंट, मोझॅक कापताना उडणाऱ्या बारीक धुळीत सिलिका असते, ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. कापताना पाणी सोडा. बिगाऱ्यांना चांगले मास्क तुम्हीच आणून द्या, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

अलिबाग

आमच्या ओटीवर नक्षीच्या सिमेंट टाइल्स होत्या, ८ इंची. अशा टाइल्स बनवणाऱ्या भारत टाइल्स कंपनीची सुरुवात १९२२ची आणि कारखाना इथे जवळच उरणला सुरू झाला, त्यामुळे आमच्या भागातल्या जुन्या घरांत अशी नक्षी दिसते. मला त्या फोडायच्या नव्हत्या, वाचवायच्या होत्या. उंबरठ्याजवळची आधीच तडकलेली एक बळी दिली आणि तिथून एकेक उचलली. निम्म्याहून जास्त धड निघाल्या. पाठीला चिकटलेला माल मात्र हातानेच खरवडा. मी एकीवर ॲसिड टाकून पाहिलं, फेस आला आणि रंग गेला. शहाबादीलाही तेच होतं, तो चुनखडीचाच दगड. वरून घासून गुळगुळीत करायचा मोहही टाळा, रंगाचा थर वरचे काही मिलिमीटरच असतो.

मालवण

आम्ही काढलीच नाही. आमचे जुने गवंडी म्हणाले, "आधी वाजवन बघ, मगे घण घाल." लाकडी दांड्याने लादी न् लादी ठोकली. बद्द आवाज आला, म्हणजे खाली पोकळ होतं, त्या ११ लाद्या काढून भरल्या, बाकीवर चिकटवायच्या मालाने नवी टाइल लावली. खर्च वाचला, पण जमीन अर्ध्या इंचाहून जास्त वर आली. दारं खालून रंधावी लागली. पडवीत मात्र हे करू नका. आमच्याकडे बाहेरचा उतार बदलला आणि पहिल्याच पावसात पाणी उंबरठ्याला लागलं. पडवी शेवटी उखडलीच.

गुहागर (मीच परत)

मोझॅक अखेर दापोलीच्या रीतीने निघाली, सहा दिवस लागले. खाली वाळवीची वाट सापडली, थेट दाराच्या चौकटीकडे जाणारी. जमीन उघडी आहे तोवरच औषध मारून घेतलं.

वेंगुर्ला

आमच्याकडे तांबडा कोबा, म्हणजे लाद्यांशिवायची घोटलेली सलग जमीन. आई घसरू नये म्हणून मीच वर प्लॅस्टिकची चादर गोंदाने चिकटवली होती. काही वर्षांत कुबट वास यायला लागला. जांभ्याच्या जोत्यातली ओल वर येते, तिला वाटच उरली नव्हती. चादर निघाली, गोंद निघेना. गरम पाण्यात भिजवलेली फडकी टाकून, तो मऊ पडला की पटाशीने खरवडत गेलो. तीन खोल्यांना १५ दिवस लागले. खालच्या कोब्यावर क्षाराचे पांढरे डाग होते. तो महिनाभर तसाच उघडा ठेवला, रोज कोरड्या फडक्याने पुसला, मग खोबरेल तेलाचा हात दिला. आई आता दुपारची त्यावरच आडवी होते, चटईसुद्धा घेत नाही.