टीएसओपी बदलला, तरी रिमोट मुका

वसरीतला_पाय: नमस्कार. फोंडा तालुक्यात आमचं जुनं कौलारू घर. वसरीत टीव्ही, त्याच्यामागे रास्पबेरी पाय ३ हा तळहाताएवढा संगणक, त्यावर लिब्रेएलेक (कोडी हा मीडिया प्लेअर चालवणारी प्रणाली). बाबांच्या कॅसेटींवरून उतरवलेला सगळा ठेवा त्यात आहे: गावच्या उत्सवातली नाटकं, भजनं, अभिषेकीबुवांच्या दोन मैफली. बाबा ७८ वर्षांचे. त्यांना फोनवरचं अ‍ॅप दाखवलं, तर म्हणाले, "टीव्ही लावायला फोन, मग फोन लावायला काय?" म्हणजे रिमोटशिवाय गत्यंतर नाही.

रिमोटचा इन्फ्रारेड इशारा पकडणाऱ्या टीएसओपी ३८२३८ या सेन्सरवर तीन वर्षं विनातक्रार चाललं. या आषाढात आधी अडखळायला लागलं, मग ठप्प. उघडून बघतो तर सेन्सरच्या पायांवर हिरवी पुटं. पावसात आमच्याकडे कपाटातल्या कागदांनाही घाम फुटतो, तिथे याचं काय! दुकानात ३८२३८ नव्हता. "तोच हो, ३८ चाच," म्हणून दुकानदाराने १७३८ हातात ठेवला. जुन्याच्याच तारांना डाग देऊन (सोल्डर करून) बसवला.

आता आयआर-कीटेबल या रिमोट तपासायच्या आज्ञेची चाचणी लावून बटणं दाबली तर एक ओळ येत नाही. कॉन्फिगमधली जीपीआयओ १८ ची (सेन्सरची तार जिथे येते त्या पिनची) ओळ जागेवर आहे, कर्नलच्या नोंदीत आरसी०, म्हणजे रिमोटचा रिसीव्हर, दिसतं. सेल नवे. चवथ तोंडावर आलीय, घर पाहुण्यांनी भरेल.

डिचोलीकर: चाचणीआधी कोडी आणि इव्हेंटलर्कडी (रिमोटची बटणं कोडीपर्यंत पोचवणारा प्रोग्राम) बंद केलं होतं ना? आणि रिमोट फोनच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बघा. मागच्या कॅमेऱ्यापुढे बहुतेक वेळा इन्फ्रारेड अडवणारी काच असते, तिथे काही दिसलं नाही तर रिमोटला दोष देऊ नका.

वसरीतला_पाय: दोन्ही बंद करूनच बघितलं. कॅमेऱ्यात जांभळट ठिपका लुकलुकतो. रिमोट जिवंत आहे.

डागवाला: "तोच हो" इथेच घात झाला. दोन्ही ३८ किलोहर्ट्झचे, पण पाय वेगळे. सेन्सरचा घुमट आपल्याकडे आणि पाय खाली धरले की ३८२३८ चे डावीकडून आउटपुट, ग्राउंड, पुरवठा. १७३८ चे ग्राउंड, पुरवठा, आउटपुट. तुम्ही जुन्याच तारा जोडल्यात, म्हणजे पुरवठ्याच्या पायाला ग्राउंड आणि आउटपुटला ३.३ व्होल्ट! शिवाय १७३८ ला ४.५ ते ५.५ व्होल्ट लागतात. पाय सरळ केलेत तरी ३.३ वर त्याचा भरवसा नाही.

किनाऱ्यावरचा: ५ व्होल्ट द्या की. माझा दोन वर्षं चालतोय.

डागवाला: चालतोय तोवर चालतोय. त्याचं आउटपुटही मग ५ ला जातं आणि रास्पबेरी पायचे जीपीआयओ ३.३ चेच. दोन रेझिस्टर लावून विभागू म्हणाल, तर सेन्सरच्या आतला पुल-अप (आउटपुट वर ओढून धरणारा रेझिस्टर) इतका कमजोर की लहान रेझिस्टर लावले तर पातळी खालीच बसते. ३८२३८ मागवा, २.५ ते ५.५ वर चालतो. रास्पबेरी पायच्या १ नंबरच्या पिनवरून पुरवठा, ६ वरून ग्राउंड, १२ वर (तोच जीपीआयओ १८) आउटपुट. पुरवठ्यात १०० ओहम आणि सेन्सरजवळ ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर टाका. कोडी उघडण्याआधी मल्टिमीटर लावा: काही दाबलं नसताना आउटपुटवर ३.३ च्या आसपास दिसायला हवं, बटण धरलं की काटा थोडा खाली. डाग दिल्यावर पायांना नेलपॉलिश लावा म्हणजे पुढच्या पावसात हिरवं धरणार नाही. घुमटाला मात्र लागू देऊ नका.

वसरीतला_पाय: सहा दिवसांनी हजर. ३८२३८ पणजीत मिळाला. दुपारी बसवला, पहिल्याच बटणाला ओळ उमटली. संध्याकाळी दिवे लावले आणि पुन्हा तेच, चार दाबांत एक लागायचा.

डिचोलीकर: टीव्हीवर ट्यूब आहे का? इलेक्ट्रॉनिक चोकची?

वसरीतला_पाय: बरोबर टीव्हीच्या डोक्यावर! ती विझवली की रिमोट शहाणा. चोकच्या ट्यूबचा उजेड सेन्सरला गोंधळात टाकतो हे डोक्यातच आलं नव्हतं. सेन्सर लांब तारेवर खालच्या फळीला नेला, वर काळ्या पुठ्ठ्याची झापड लावली. काल रात्री बाबा सलग दोन तास मैफल ऐकत होते. नेलपॉलिश मुलीचं, लालभडक. बाबांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "दसऱ्याला अवकाश आहे, आत्ताच कुंकू लावलंस?"