मदत हवी आहे: ५.३ टर्बोसाठी कॅम कोणता घेऊ? गाडी रोजचीही आणि ड्रॅगचीही

सूतगिरणी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी मूळचा इचलकरंजीचा, सध्या मिशिगनमध्ये डेट्रॉइटजवळ. इंग्रजी बोर्डांवर हा प्रश्न टाकला की दहा जण दहा कॅमचे (व्हॉल्व्ह उघडबंद करणाऱ्या शाफ्टचे) नंबर फेकून जातात, तोच का घ्यायचा ते कुणी सांगत नाही. म्हणून इथे.

गाडी १९९० ची मस्टँग एलएक्स. मूळचं ५.० इंजिन काढून २००४ च्या सिल्व्हराडो पिकअपचं ५.३ लिटरचं एलएम७ (जीएमच्या एलएस घराण्यातलं) बसवलंय. भंगारवाल्याकडून आणलं तेव्हा त्याचे दोन लाख मैल झालेले. आतलं सगळं जुनंच, फक्त पिस्टन रिंगांची गॅप वाढवून २६ थाऊ (इंचाचे हजारावे भाग) केली. हेड ७०६ नंबरची. टर्बो एकच, ७८/७५, टी४ फ्लँज, टर्बाइनचं (धुरावर फिरणाऱ्या चाकाचं) हाउसिंग ०.९६. गिअरबॉक्स ४एल८०ई, टॉर्क कन्व्हर्टर ३,२०० आरपीएमचा, मागच्या धुरीचा गिअर ३.५५. इंधन ई८५ (८५ टक्क्यांपर्यंत इथेनॉल), बूस्ट (टर्बो कोंबतो त्या हवेचा दाब) १२ पीएसआय. माझ्यासकट वजन साधारण ३,४०० पाउंड.

मिलनच्या ड्रॅग स्ट्रिपवर (सरळ शर्यतीच्या पट्टीवर) पाव मैल १०.९ सेकंदांत, शेवटी ताशी १२७ मैल. वाईट नाही. पण ५,८०० आरपीएमच्या पुढे आवाज फाटतो, बूस्टचा काटा १२ वरच असतो आणि गाडी मात्र ओढत नाही. मित्र म्हणतात, स्टॉक कॅमवर दुसरं काय होणार.

समोर तीन पर्याय आहेत (ड्युरेशन, म्हणजे इनटेक/एक्झॉस्ट व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो, ५० थाऊ लिफ्टला):

अ) एलएस९ चा कंपनीचा कॅम. २११/२३०, लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्ट लोबमधलं अंतर, अंशांत) १२२.५.
ब) घासून मिळणारा टर्बो कॅम. २१८/२२४, सेपरेशन ११५.
क) मित्राच्या बिनटर्बोच्या गाडीतून निघालेला. २२८/२३२, सेपरेशन ११०. जवळजवळ फुकट.

गाडी शनिवारी स्ट्रिपवर जाते, एरवी किराणा, भाजी आणि मंडळाचा गणपती. बायकोची एकच अट आहे, सिग्नलला उभी असताना आतला आरसा हलता कामा नये. आणि माझी चोरटी इच्छा अशी की थोडा ठोका ऐकू यावा. वडिलांची बुलेट होती, तो आवाज कानातून जात नाही. त्यामुळे मन 'क'कडे झुकतंय. अडवायचं असेल तर कारणासकट अडवा.

टॉपगिअर_ठाणे

एलएस९ टाक. विषय संपला.

चाकणचा_कॅलिब्रेटर

विषय नुकता सुरू झालाय. टर्बो इंजिनांच्या ट्यूनिंगवरच माझं पोट चालतं, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी तिन्हींचा ओव्हरलॅप काढ, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह किती अंश एकाच वेळी उघडे राहतात ते. दोन ड्युरेशनची बेरीज करून निम्मी कर आणि त्यातून सेपरेशनची दुप्पट वजा कर. 'अ' उणे २४.५, 'ब' उणे ९, 'क' अधिक १०. तुझा स्टॉक कॅम १९०/१९१, सेपरेशन ११४, म्हणजे उणे ३७.५. उणे म्हणजे ५० थाऊच्या वर दोन्ही व्हॉल्व्ह एकत्र उघडे नसतातच, त्याखाली थोडे असू शकतात.

आता 'क' मूळ गाडीत गोड का वाजत होता? बिनटर्बोच्या इंजिनात चांगले हेडर (एक्झॉस्टचे नळ) लावले की बाहेर जाणारा धूर मागे ओढ निर्माण करतो, आणि ओव्हरलॅपच्या वेळी तीच ओढ ताजी हवा आत खेचते. तुझ्या गाडीत त्या वाटेवर टर्बाइन बसलंय. त्याच्या आधीचा दाब बूस्टपेक्षा जास्त असेल तर दोन्ही व्हॉल्व्ह उघडे असताना वारं उलटं वाहतं. जळका, तापलेला वायू सिलिंडरमध्ये आणि तिथून थेट इनटेकमध्ये घुसतो. ताज्या हवेची जागा तो खातो, वर नॉकिंगचा (इंधन अवेळी पेटण्याचा) धोका. ई८५ आहे म्हणून तुला ते चटकन कळणारही नाही.

याच्या उलटही खरं आहे. मोठं टर्बाइन, मोठं हाउसिंग असेल आणि मागचा दाब बूस्टइतकाच किंवा कमी असेल, तर थोडा ओव्हरलॅप फायद्याचा. कंपन्यांच्या डायरेक्ट इंजेक्शन टर्बो इंजिनांत आम्ही कमी आरपीएमला मुद्दाम ओव्हरलॅप देतो, कारण त्या टप्प्यात आतला दाब बाहेरच्यापेक्षा जास्त असतो आणि सिलिंडर स्वच्छ धुऊन निघतो.

म्हणून माझा प्रश्न, टर्बाइनच्या आधीचा दाब मोजलायस का? नसशील तर कॅमवरची चर्चा अंधारातली. मोजणं सोपं आहे. गरम पाइपला एक सूत (१/८ इंच) मापाचं निपल वेल्ड कर, त्याला तीन-चार फूट स्टीलची बारीक नळी गुंडाळून लाव म्हणजे वायू थंड होईल, पुढे साधा गेज.

टॉपगिअर_ठाणे

एवढं सगळं करण्यापेक्षा एलएस९ स्वस्त पडेल हो.

चाकणचा_कॅलिब्रेटर

स्वस्त आहे आणि चालतोही, नाही म्हणत नाही. पण तो ६.२ लिटरच्या सुपरचार्जरवाल्या इंजिनाचा कॅम आहे, २००९ च्या कॉर्व्हेट झेडआर१ चा. सुपरचार्जरच्या एक्झॉस्टमध्ये टर्बाइन नसतं, तिथे २३० चा एक्झॉस्ट शोभतो. शिवाय याचं एलएम७ जुन्या पिढीतलं, कॅम सेन्सर ब्लॉकच्या मागच्या बाजूला. एलएस९ च्या पिढीत तो पुढच्या झाकणात. म्हणजे झाकण, गिअर, वायरिंग हेही आलं.

उद्यमनगर_६२

पोरा, मी कोल्हापूरचा. शिवाजी उद्यमनगरात माझं हेडचं काम चालायचं, आता मुलगा बघतो. तुमचं एलएस की काय ते मी उघडलेलं नाही, पण व्हॉल्व्ह सगळीकडं व्हॉल्व्हच असतोय.

तू लिहिलंस की काटा १२ वर आणि आवाज फाटतोय. कॅम लहान असला तर गाडी दमते, हळूहळू ओढ कमी होत जाते. आवाज फाटत नाही. फाटतोय म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर बसत नाही, सीटवर आपटून पुन्हा उडतोय. दोन लाख मैल झालेल्या स्प्रिंगांवर तू टर्बो चढवलायस.

हिशेब कर. इनटेक व्हॉल्व्ह केवढा? १.८९ इंच ना? त्याचं क्षेत्रफळ २.८ चौरस इंच. १२ पीएसआय म्हणजे ३४ पाउंड पाठीमागून व्हॉल्व्ह उघडायला बसलेत. तुझी स्प्रिंग नवी होती तेव्हा सीटवर ऐंशी पाउंडाच्या आसपास धरत असणार. आता किती धरती, काढून बघ.

चाकणचा_कॅलिब्रेटर

काका, मुद्दा शंभर टक्के बरोबर. फक्त ३४ पाउंड पूर्ण वेळ लागत नाहीत, कारण इनटेक स्ट्रोक संपताना सिलिंडरमध्येही जवळजवळ बूस्टइतकाच दाब असतो. पण एक्झॉस्ट व्हॉल्व्हलाही मागून रेटा आहेच, त्यामुळे स्प्रिंग आधी हे मान्य.

उद्यमनगर_६२

पूर्ण वेळ नसू दे. लाथ एकदाच बसली तरी बसतीच की.

आणि हेड खोलायची गरज नाही. प्लगच्या भोकातून सुताची जाड दोरी आत सोड, शेवट बाहेर ठेव, क्रँक हातानं फिरव. पिस्टन वर येऊन दोरी व्हॉल्व्हखाली दाबून धरतोय, व्हॉल्व्ह खाली पडत नाही. इचलकरंजीच्या माणसाला दोरी मिळायला अडचण नसावी. एकदाच घे, ०.६०० इंच लिफ्टपर्यंतच्या घे, म्हणजे पुढं कुठलाही कॅम आला तरी पुन्हा खर्च नको. आणि पुशरॉड (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या सळ्या) सरळ आहेत का ते काचेवर लोळवून बघ.

सूतगिरणी

काका, दंडवत. आणि चाकणकर, निपलही लावतो. दोन्ही करून कळवतो.

सूतगिरणी (पाच आठवड्यांनी)

अहवाल. कॅम अजून स्टॉकच. दोरी घरात नव्हती, बायकोने कपडे वाळत घालायची दिली, ती परत मागू नये ही विनंती केली आहे. सोळा स्प्रिंगा बदलायला दोन रात्री गेल्या. जुन्या स्प्रिंगा ओळखीच्या मशीन शॉपमध्ये टेस्टरवर ठेवल्या. बहुतेक ७० च्या आसपास, दोन तर ६२. आणि सात नंबरचा एक पुशरॉड काचेवर लोळताना डुलत होता.

नव्या स्प्रिंगांवर त्याच १२ पीएसआयला गाडी ६,३०० पर्यंत स्वच्छ जाते. आवाज फाटत नाही. ५,७०० नंतर ओढ कमी होते, पण काका म्हणाले तशी, दमल्यासारखी. पाव मैल १०.६, ताशी १३० मैल.

आता दाब. बूस्ट १२ असताना टर्बाइनच्या आधी ४,५०० ला १६ आणि ६,२०० ला २१ पीएसआय. म्हणजे पावणेदोन पट. 'क' मित्राला परत केला. बुलेटचा ठोका बुलेटवरच ऐकेन.

राहिला 'ब'. घेऊ?

चाकणचा_कॅलिब्रेटर

पावणेदोन पट म्हणजे हाउसिंग वरच्या टप्प्यात गुदमरतंय. कॅम मोठा केलास तर धूर अजून वाढेल, दाबही वाढेल, आणि 'ब'मधला थोडासा ओव्हरलॅपही अंगावर येईल. पुढेमागे टर्बो मोठा करणार असशील तर 'ब' ठीक. हाच ठेवायचा असेल तर जरा आखूड मागव, २१२/२१८ सेपरेशन ११५. ओव्हरलॅप उणे १५. इनटेक लवकर बंद होतो, त्यामुळे ३,२०० च्या कन्व्हर्टरवर लाइनवर उभी असताना बूस्टही लवकर बनेल. ६,४०० ला गिअर टाकणाऱ्या ५.३ ला तेवढा पुरतो. आरसाही हलणार नाही.

टॉपगिअर_ठाणे

मान्य. (एलएस९ घेतला असता तर आत्तापर्यंत गाडी पळत असती.)

सूतगिरणी

गाडी पळतेच आहे हो, १०.६ ने. २१२/२१८ ची ऑर्डर दिली. टर्बो दोन वर्षं तरी बदलणार नाही, तसं घरात कबूल करून बसलोय. हेड न उघडता कॅम बाहेर येतो असं वाचलंय, कॅम दोन-चार वेळा फिरवला की लिफ्टर (कॅमवर बसून पुशरॉड उचलणारे तुकडे) वर प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये अडकून राहतात म्हणे. कुणी केलंय?

चाकणचा_कॅलिब्रेटर

चालतं, पण दोन लाख मैलांनी ते ट्रे सैल झालेले असतात. एखादा लिफ्टर सुटला तर खाली तेलाच्या चेंबरमध्ये जातो आणि मग सगळं इंजिन उतरवायचं. पुढून तेलाच्या दोन्ही वाटांतून लांब गोल सळ्या सरकव, लिफ्टर त्यांवर अडतात. बसवताना दोन्ही गिअरांच्या खुणा समोरासमोर आल्या की नाही ते नीट बघ, आणि कॅमसोबत आलेल्या कार्डावर विश्वास न ठेवता डायल लावून इनटेकची सेंटरलाइन (व्हॉल्व्ह सर्वांत जास्त उघडतो तो अंश) स्वतः मोज. कॅम नवीन असल्याने बेस सर्कल (लोबचा खालचा गोल भाग) वेगळं निघू शकतं, तेव्हा पुशरॉडची लांबीही तपास, नाहीतरी सात नंबरचा बदलायचाच आहे.

उद्यमनगर_६२

आणि क्रँक पुलीचा बोल्ट जुना लावू नकोस. तो एकदाच ताणायचा असतोय.