गोचुजांगच्या जागी टोमॅटो सॉस? मग कोरियाचं नाव तरी कशाला घेता!

मुरलेलं_लोणचं (इंदूर):
परवा इथे एका ताईंनी 'कोरियन ॲव्होकाडो डिप, इंदुरी पद्धतीचं' टाकलं होतं. ॲव्होकाडोत टोमॅटो सॉस, लाल तिखट, चिमूटभर साखर, वरून जिरावण, म्हणजे आपला पोह्यांवरचा इंदुरी मसाला. आणि खाली शेरा: 'गोचुजांग आणायची गरजच नाही, चव अगदी तीच येते.' दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

ताई, तीच चव येत नाही. गोचुजांग म्हणजे तिखट सॉस नव्हे. चिकट तांदूळ, आंबवलेल्या सोयाबीनची पूड, मोड आणलेले जव, मिरचीपूड आणि मीठ असं सगळं मडक्यात महिनोन्महिने मुरतं. आपल्या आजीच्या बरण्या गच्चीवर उन्हात असायच्या, तशी तिकडे अंगणात मडक्यांची रांग. सॉसमध्ये काय आहे? व्हिनेगर आणि साखर. ॲव्होकाडो मुळात लोण्यासारखा मऊ आणि फिका, त्याला मुरलेल्याचीच जोड हवी.

माझं प्रमाण: दोन पिकलेले ॲव्होकाडो, दीड चमचा गोचुजांग, अर्धं लिंबू, लसणाची एक पाकळी किसून, थोडी कांद्याची पात, अर्धा चमचा तिळाचं तेल. मीठ सगळ्यात शेवटी, चाखून, कारण गोचुजांग स्वतःच खारट असतं. काट्याने चेचा. मिक्सरमधून काढलंत तर मलम होतं.

सुदामानगरची_सुगरण:
मीच ती ताई. नमस्कार. गोचुजांगचा डबा मिळतो अर्धा किलोचा आणि तुम्हाला लागतं दीड चमचा. बाकीचं काय करू, पोह्यांवर घालू? मुलगी दिवसभर कोरियन मालिका बघते, शनिवारी संध्याकाळी तिच्या चार मैत्रिणी येणार होत्या, घरात होतं त्यातून केलं. वाडगा पुसून खाल्ला पोरींनी.

आणि अस्सलपणाचं मला नका सांगू. फळ मेक्सिकोचं. मिरचीसुद्धा कोरियाची नाही, अमेरिका खंडातून फिरत फिरत सोळाव्या शतकाच्या अखेरीला तिथे पोचली. आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणली. कोरियाने परक्याची मिरची घेतली ती परंपरा आणि मी सॉस घेतला तो गुन्हा?

मुरलेलं_लोणचं (इंदूर):
गुन्हा नाही म्हटलं. 'तीच चव' हे खोटं आहे म्हटलं. नाव 'सुदामानगर चटणी' ठेवा, मी पहिला येऊन खातो.

समईतलं_तेल:
चव राहू द्या, आधी ते तिळाचं तेल कुठलं ते नीट लिहीत जा हो दादा! मी अशीच कुठेतरी पाककृती वाचून घाण्यावरचं तेल ओतलं. अख्खं डिप नरकचतुर्दशीच्या पहाटेसारखं दरवळायला लागलं. आमचे हे म्हणाले, 'उटणं कुठाय?' कोरियन तेल भाजलेल्या तिळाचं, काळपट असतं. आपलं कच्च्या तिळाचं. कोरियन नसेल तर तीळ खमंग भाजून जाडसर कुटून घाला. हे कोणी सांगत नाही, पैसे मात्र आमचे जातात.

बडोदेकर:
इंदूरवाल्यांनी जिरावण घातलं यात नवल काय? उद्या आइसक्रीमवरही घालाल. आम्ही सेव-उसळवाले निदान तिला मेक्सिकन म्हणत नाही.

मुरलेलं_लोणचं (इंदूर):
भिया, जिरावणावर बोलायचं काम नाही.

चातुर्मास_पाळणारी:
आठवड्यावर आषाढी आली आणि इथे लसणाच्या पाकळ्या मोजताय. आम्ही काय करायचं? कोरियातसुद्धा बौद्ध मठांच्या स्वयंपाकात कांदा, लसूण, पात काही चालत नाही, आणि चातुर्मासापुरतं नव्हे, बाराही महिने. म्हणजे लसणाशिवायचं डिपही कोरियनच. हिंग घाला.

कांदेनवमी_झिंदाबाद:
काकू, मठातले भिक्षू म्हणजे अख्खा कोरिया नव्हे. घराघरातल्या किमचीत, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या कोबीच्या लोणच्यात, लसूण तर असतोच, बहुतेक वेळा खारवलेली कोळंबी किंवा माशाचा रसही असतो.

चातुर्मास_पाळणारी:
अगं बाई! आणि मागच्या महिन्यात सुनेने फ्रीजमध्ये बरणी ठेवली होती, 'कोबीचं लोणचं आहे आई' म्हणून. माझ्या नैवेद्याच्या दुधाशेजारी!

नवी_सून_नवा_फ्रीज:
ही माझीच गोष्ट वाटतेय. माझी किमची बिनमाशाची होती, घरी केलेली. सासूबाईंनी झाकण उघडलं, नाक दाबलं आणि बरणी थेट गॅलरीत. कोरियात किमची घालायच्या सोहळ्याला युनेस्कोने २०१३ मध्ये वारसा म्हणून यादीत घेतलं, आमच्या घरात तिला गॅलरीत कबुतरांशेजारी जागा. सासऱ्यांचा लसणीचा ठेचा मात्र त्याच फ्रीजमध्ये. त्याला वास नसतो?

चातुर्मास_पाळणारी:
ठेचा आपला आहे.

नवी_सून_नवा_फ्रीज:
हेच ऐकायचं होतं. सुनेच्या हातचं ते परकं.

कांदेनवमी_झिंदाबाद:
बरोबर बोललीस. आमच्याकडे चातुर्मास पाळतात ते आजोबा एकादशीच्या आदल्या रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत जाऊन...

चातुर्मास_पाळणारी:
आजोबांना मध्ये आणू नका. आणि माझी सून मला उलट बोलत नाही, तुमचं तुम्ही बघा.

नवी_सून_नवा_फ्रीज:
बोलत नाही, इथे येऊन लिहीत असेल.

तीन_दिवस_थांबा:
भांडून झालं असेल तर एक सांगा, माझा ॲव्होकाडो दगडासारखा आहे. काट्याने चेचायला गेलो, काटा वाकला.

समईतलं_तेल:
झाडावर तो पिकतच नाही, तोडल्यावर पिकतो. फ्रीजमधून काढा, केळ्याबरोबर कागदात गुंडाळून तांदळाच्या डब्यात ठेवा. आंब्याला अढी घालतो तसंच.

तीन_दिवस_थांबा:
आणि उरलेल्या डिपमध्ये बी ठेवली की काळं पडत नाही ना?

समईतलं_तेल:
बीखाली झाकलं जातं तेवढंच हिरवं राहतं. लिंबू घाला आणि पातळ प्लास्टिक अगदी चिकटवून झाका. खरं म्हणजे उरवूच नका.

मुरलेलं_लोणचं (इंदूर):
काल रात्री गोचुजांगवाल्या डिपवर जिरावण भुरभुरलं. आमचूर, काळं मीठ, हिंग... लिंबू कमी घालावं लागलं. वाईट लागत नाही. बरं लागतं. बडोदेकरांनी हे वाचू नये. सॉसबद्दल मात्र एक अक्षर मागे घेणार नाही.

सुदामानगरची_सुगरण:
दोन दिवस गप्प बसून 'वाईट लागत नाही' एवढंच? असो. तो अर्धा किलोचा डबा फोडलाच आहे तर वाटीभर इकडे पाठवा. शेजारी ठेवून पोरींनाच चाखायला देते.

मुरलेलं_लोणचं (इंदूर):
पाठवतो. वाटी रिकामी परत येऊ नये.

सुदामानगरची_सुगरण:
भुट्ट्याचा कीस घालून देईन. लसूण नाही त्यात, काकूंनाही चालेल.

चातुर्मास_पाळणारी:
दूध घालून शिजवता ना? मग दोन वाट्या.